राष्ट्राची श्रद्धा

स्वातंत्र्यदिन हा जसा उत्सवाचा दिवस आहे, तसाच तो हिशेबाचाही दिवस आहे. सकाळी ध्वज फडकतो, शाळांतील मुले रांगा धरून उभी राहतात, राष्ट्रगीत होते, खाऊ वाटला जातो आणि दुपारपर्यंत गाव पुन्हा आपल्या कामाला लागते. यात गैर काहीच नाही. सणाला सणाचे रूप असावेच. परंतु जुन्या पेढ्यांवर दिवाळीत वहीपूजन होते, तेव्हा नव्या वहीला गंध-फूल वाहण्याआधी जुन्या वहीतील येणे-देणेही एकदा डोळ्यांखालून घातले जाते. राष्ट्राच्या वहीच्या पहिल्या पानावर काय लिहिले गेले, ते कोणत्या श्रद्धेने लिहिले गेले आणि त्यातील किती देणे अजून फिटावयाचे आहे, याची उजळणी १५ ऑगस्टला व्हावी, हेही तितकेच उचित होय.

मराठी माणूस जेथे जेथे पिढ्यान्‌पिढ्या वसला आहे, तेथे तेथे हा दिवस एकाच तारखेला उगवला नाही. पुणे, सातारा किंवा बेळगाव येथे तो १५ ऑगस्ट १९४७ रोजी उगवला. ग्वाल्हेर आणि इंदूर येथे त्या दिवशी राजे अजून गादीवर होते. ती संस्थाने २८ मे १९४८ रोजी मध्य भारत संघात एकत्र आली. बडोदा १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. हैदराबाद संस्थानात तर १५ ऑगस्ट १९४७ रोजी तिरंगा उभारणे हाच गुन्हा होता. तेथील प्रजेला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत वाट पाहावी लागली. गोव्याची वाट त्याहूनही लांबली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी नि:शस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमा ओलांडून आत शिरले आणि पोर्तुगीज सैनिकांच्या गोळ्यांनी त्यांतील कित्येकांना तेथेच लोळविले. पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक त्या दिवसाची साक्ष देत उभे आहे. गोव्यावर तिरंगा चढला, तो १९ डिसेंबर १९६१ रोजी.

या तारखांचा क्रम पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. हैदराबादच्या वा गोव्याच्या माणसाला १५ ऑगस्ट कोणी हातात आणून दिला नव्हता. तरीही त्या दिवसासाठी तो तुरुंगात गेला, गोळीपुढे उभा राहिला. ज्या वचनाची पूर्तता आपल्या दारी अजून व्हावयाची आहे, त्या वचनावर विश्वास ठेवून प्राण पणाला लावणे यालाच श्रद्धा म्हणतात. भारतीय स्वातंत्र्याच्या मुळाशी अशी श्रद्धा होती. मात्र ती श्रद्धा नेमकी कशावर होती, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. राष्ट्राच्या घटनाकारांना तो स्वत:ला विचारावा लागला आणि त्याचे उत्तर देताना त्यांना प्रत्यक्ष मते मोजावी लागली.

१४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री दिल्लीत घटना समितीची बैठक भरली. सुचेता कृपलानी यांनी ‘वंदे मातरम्’ म्हटले. स्वातंत्र्यासाठी ज्यांनी देह ठेवला, त्यांच्या स्मरणार्थ सभा दोन मिनिटे स्तब्ध उभी राहिली. पंडित नेहरूंनी प्रतिज्ञेचा ठराव मांडला, चौधरी खलिकुझ्झमान यांनी त्याला अनुमोदन दिले, डॉ. राधाकृष्णन बोलले आणि मध्यरात्रीचा शेवटचा ठोका पडताच सदस्यांनी भारताच्या व भारतीय जनतेच्या सेवेला वाहून घेण्याची प्रतिज्ञा केली. त्यानंतर भारतीय स्त्रियांच्या वतीने हंसाबेन मेहता यांनी राष्ट्रध्वज सभेला अर्पण केला. बडोद्याला हंसाबेन परक्या नाहीत. दिवाण मनुभाई मेहता यांच्या त्या कन्या आणि १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या त्या पहिल्या कुलगुरू. जागतिक मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असताना, जन्मत: समान असलेल्यांमध्ये केवळ पुरुषवाचक शब्द न राहता ‘सर्व मानव’ असा शब्द यावा, हा आग्रह त्यांनीच धरला आणि १९४८ च्या जाहीरनाम्यात तो शब्द आला.

त्या रात्री राष्ट्रपिता मात्र दिल्लीत नव्हते. कलकत्त्याच्या बेलियाघाटा भागातील हैदरी मंझिल या पडक्या घरात गांधीजी मुक्कामाला होते. दंगलीने होरपळलेल्या त्या शहरात हिंदू-मुसलमानांनी पुन्हा शेजारी म्हणून राहावे, यासाठी त्यांची खटपट चालली होती. १५ ऑगस्टचा दिवस त्यांनी उपवास, प्रार्थना व सूतकताई यांत घालविला. दिल्लीत प्रतिज्ञा झाली आणि कलकत्त्यात त्या प्रतिज्ञेचे आचरण चालले होते. स्वातंत्र्यदिनाची ही दोन्ही चित्रे एकमेकांशेजारी ठेवून पाहिली, तरच तो दिवस पुरता कळतो.

राष्ट्राच्या ध्येयांचा पहिला मसुदा याआधीच तयार झाला होता. ९ डिसेंबर १९४६ रोजी घटना समिती प्रथम भरली आणि १३ डिसेंबरला पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. सामाजिक, आर्थिक व राजकीय न्याय. दर्जाची व संधीची समानता. विचार, उच्चार, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य. अल्पसंख्याक, मागासलेले वर्ग आणि आदिवासी यांना संरक्षण, अशी त्याची रूपरेषा होती. पण सभागृहातील अनेक जागा त्या वेळी रिकाम्या होत्या. मुस्लिम लीगचे सदस्य आले नव्हते आणि संस्थानांचे प्रतिनिधी यावयाचे होते. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी १६ डिसेंबरला सुचविले की, या मंडळींची वाट पाहावी, तोवर ठराव तहकूब ठेवावा. बहुमत हाताशी असलेल्या सभेला ही सूचना रुचण्यासारखी नव्हती. दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकर बोलण्यास उभे राहिले आणि त्यांनी जयकरांचीच बाजू उचलून धरली. देश आज छावण्या-छावण्यांत विभागलेला असला, तरी काळ व परिस्थिती अनुकूल होताच तो एक झाल्यावाचून राहणार नाही, असा विश्वास त्यांनी व्यक्त केला. ज्या समाजाने त्यांच्या बांधवांना शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले, त्याच समाजाच्या भवितव्याविषयी त्यांनी दाखविलेला हा विश्वास होता. ठराव जानेवारीपर्यंत लांबणीवर पडला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी सदस्यांनी उभे राहून तो संमत केला.

या ठरावात न्याय होता, स्वातंत्र्य होते, समता होती. बंधुता हा शब्द मात्र नव्हता. तो पुढे आला. दरम्यान फाळणी झाली, लक्षावधी माणसे निर्वासित झाली आणि ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. २१ फेब्रुवारी १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घटनेचा आराखडा सादर केला, त्याच्या प्रास्ताविकात बंधुतेला स्थान मिळाले होते. बंधुभावाची निकड देशाला पूर्वी कधी नव्हती इतकी आज आहे, असे समितीने त्याचे कारण दिले. न्याय, स्वातंत्र्य व समता ही राज्यापाशी मागता येतात. बंधुता मात्र शेजाऱ्यानेच शेजाऱ्याला द्यावी लागते. तिचा उगम माणसाच्या अंत:करणात असतो, आणि म्हणूनच तिच्याबरोबर श्रद्धेचा प्रश्नही घटनेच्या दाराशी येऊन उभा राहिला.

१७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटनेचे प्रास्ताविक सभेपुढे विचारासाठी आले. मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य हरि विष्णू कामत यांनी उपसूचना मांडली की, प्रास्ताविकाचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा. कामत हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या पक्षात सामील झालेले, त्यागाची परीक्षा दिलेले गृहस्थ होते. भारतात साध्या पत्राच्या माथ्यावरही ‘श्री’ लिहिल्याशिवाय लेखणी पुढे सरकत नाही. मग राष्ट्राच्या या महालेखाचा आरंभ देवाच्या स्मरणावाचून कसा व्हावा, ही भावना लक्षावधी भारतीयांची होती. मदनमोहन मालवीयांचे चिरंजीव पंडित गोविंद मालवीय यांनीही परमेश्वरी कृपेचा उल्लेख असावा असा आग्रह धरला. शिब्बनलाल सक्सेना यांना ईश्वराबरोबर महात्मा गांधींचे नावही हवे होते.

विरोध झाला, तो मोठा विचार करावयास लावणारा होता. त्रावणकोरचे थाणू पिल्ले हे स्वत: आस्तिक होते, तरीही ही उपसूचना म्हणजे श्रद्धेच्या बाबतीत सक्ती होईल, देव मानण्याचा जसा माणसाला हक्क आहे तसाच तो न मानण्याचाही आहे, असे त्यांनी सांगितले. पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना कळकळीची विनंती केली की, देवावर मत देण्याच्या संकटात सभेला पाडू नये. पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी मर्मावर बोट ठेवले. जी भावना माणसाच्या अंतरातील अत्यंत पवित्र भावना आहे, ती समुदायाच्या इच्छेने कोणावर लादली जाऊ नये. ज्या प्रास्ताविकात विचार, श्रद्धा व उपासना यांच्या स्वातंत्र्याचे आश्वासन आहे, त्याच्याशीच ही उपसूचना विसंगत ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. कामतांनी उपसूचना मागे घेतली नाही. मतदान झाले. बाजूने ४१ आणि विरुद्ध ६८ मते पडली. कामतांना अतिशय दु:ख झाले आणि ते त्यांनी सभागृहात बोलूनही दाखविले.

या मतदानाचा अर्थ नीट लावला पाहिजे. अडुसष्टांनी देव नाकारला आणि एकेचाळीसांनी तो राखला, असा अर्थ काढणे हा दोन्ही बाजूंवर अन्याय होय. देवाचे नाव घेणारांचे स्वातंत्र्य घटनेने अबाधित ठेवले. अधिकारपदाच्या शपथेचे तिने दोन पर्याय दिले: ज्याची इच्छा असेल त्याने ईश्वराला साक्षी ठेवून शपथ घ्यावी, ज्याची नसेल त्याने गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी. दोघांच्या शब्दाची किंमत कायद्याच्या दृष्टीने सारखीच. व्यक्तीच्या मुखात देवाचे नाव येऊ शकते. सर्वांच्या वतीने ते घेण्याचा अधिकार राज्याने आपल्याकडे घेतला नाही. म्हणून राज्यघटनेच्या पहिल्या वाक्याचे कर्तेपद भारताच्या लोकांकडे राहिले.

इतर राष्ट्रांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेचा आरंभ ख्रिस्ती त्रैक्याच्या नावाने होतो. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात निर्मात्याचा उल्लेख आहे. परंतु १७८७ च्या घटनेचे प्रास्ताविक केवळ लोकांच्या नावाने बोलते. पाकिस्तानच्या घटना समितीने १२ मार्च १९४९ रोजी संमत केलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात सार्वभौमत्व ईश्वराचे मानले, आणि तेथील हिंदू सदस्यांनी त्याविषयी आपली शंका व चिंता सभेत नोंदविली. या घटनेला सात महिने होतात न होतात तोच दिल्लीच्या सभेपुढे तोच प्रश्न आला. ज्या देशात बहुसंख्य लोक एका धर्माचे आहेत, त्या देशातील बहुसंख्यांनी स्वत:च्या तोंडातील घास स्वत:च बाजूला ठेवावा, त्यातला हा प्रकार होता. उल्लेखनीय गोष्ट अशी की, ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्दही त्या वेळी घटनेत घातला गेला नाही. प्रा. के. टी. शहा यांनी १५ नोव्हेंबर १९४८ रोजी तशी सूचना केली होती. ती नामंजूर झाली. तो शब्द प्रास्ताविकात आला, तो १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने. पुढे १९९४ मध्ये बोम्मई खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व घटनेच्या मूलभूत स्वरूपातच अंतर्भूत असल्याचे सांगितले.

मग ईश्वराचे नाव नसलेल्या या लेखाला श्रद्धेचा पाया आहे की नाही? त्याच दिवशी आचार्य कृपलानी यांनी सभेत सांगितले होते की, प्रास्ताविकातील तत्त्वे ही केवळ कायद्याची किंवा राजकारणाची तत्त्वे नसून ती नैतिक व आध्यात्मिक तत्त्वे आहेत, आणि जीवनात उतरल्याखेरीज ती टिकणार नाहीत. हा विचार महाराष्ट्राला नवा नव्हता. नामदार गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यास सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी स्थापन केली, तेव्हा सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान मिळाले पाहिजे, असे तिच्या उद्देशपत्रिकेतच नमूद केले होते. घटना समितीत ईश्वराच्या उल्लेखाला विरोध करणारे कुंझरू हे त्याच संस्थेचे अध्यक्ष होते. गोखल्यांच्या परंपरेतील माणसाने असा विरोध करावा, यात विसंगती नाही. सेवेत, सचोटीत आणि दुसऱ्याच्या श्रद्धेला जपण्यात जे अध्यात्म प्रकट होते, तेच त्या परंपरेला अभिप्रेत होते.

डॉ. आंबेडकरांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी नभोवाणीवरून स्वत:च्या जीवनविषयक तत्त्वज्ञानावर भाषण केले. स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे फ्रेंच राज्यक्रांतीपासून उसनी घेतलेली नाहीत. त्यांचे मूळ राजनीतिशास्त्रात नसून धर्मात आहे आणि भगवान बुद्धाच्या शिकवणीतून ती घेतली आहेत, असे त्यांनी सांगितले. या तिहींत बंधुतेला त्यांनी सर्वोच्च स्थान दिले. कायदा कोणीही मोडू शकतो, बंधुता मात्र पवित्र असल्यामुळे तिचा आदर प्रत्येकाने केलाच पाहिजे, हे त्यांचे सूत्र होते. घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीच्या अध्यक्षांनीच कायद्याची मर्यादा इतक्या स्पष्टपणे सांगावी, ही गोष्ट मनात साठवून ठेवण्याजोगी आहे.

केवळ नामोच्चाराने बंधुता येत नाही, याचा अनुभव महाराष्ट्राने ज्या वर्षी स्वातंत्र्य आले त्याच वर्षी घेतला. पंढरीच्या विठ्ठलाचे नाव शतकानुशतके गर्जत होते. त्या नामाची पताका घेऊन संत नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झाली. आणि तरीही चोखोबांच्या वंशजांना विठ्ठलाच्या गाभाऱ्याचा दरवाजा बंदच होता. हा दरवाजा उघडावा म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरला उपोषण केले आणि त्याच वर्षी मंदिर सर्वांना खुले झाले. पुढे २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संमत केले. येथे क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे: कलम लिहिले जाण्यापूर्वी एका भाविकाने स्वत:च्याच देवाच्या दारी उपाशी राहून कलमाची वाट मोकळी केली होती. श्रद्धेने कायद्याला असे साहाय्य केले, म्हणजे कायद्यालाही बळ येते.

आदर्श लिहून काढले म्हणजे काम संपले, असा भ्रम घटनाकारांना नव्हता. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी तीन इशारे दिले. ध्येये साधण्यासाठी सनदशीर मार्गच अनुसरावा; कोणत्याही थोर पुरुषाच्या चरणी स्वातंत्र्य वाहून टाकू नये, कारण धर्मातील भक्ती मुक्तीकडे नेत असली तरी राजकारणातील भक्ती अध:पाताकडे नेते; आणि राजकीय लोकशाहीला सामाजिक लोकशाहीची जोड द्यावी. २६ जानेवारी १९५० पासून देश एका विसंगत जीवनात प्रवेश करील, राजकारणात समता आणि समाजात विषमता अशी ती विसंगती असेल, हे त्यांनी स्पष्टपणे बजावले. आजही हा इशारा जुना झालेला नाही.

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी माणसाला तर या आदर्शांची प्रचीती रोजच्या व्यवहारात येते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव येथे तो भाषेने थोड्यांपैकी आहे. आपली भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क घटनेच्या २९ व्या कलमाने आणि आपल्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क ३० व्या कलमाने त्याला दिला आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे १९५६ मध्ये घातलेले ३५०-अ हे कलम सांगते. हे हक्क त्याने निर्भयपणे मागावेत; ते घटनेने दिलेले आहेत. जेथे वाद आहेत तेथे ते सनदशीर मार्गानेच लढविले जावेत. मात्र याच नाण्याची दुसरी बाजू विसरता येत नाही. जो स्वत: एका ठिकाणी थोड्यांपैकी आहे, त्याचेच आप्त दुसऱ्या ठिकाणी बहुतांपैकी असतात. पुण्या-मुंबईतील कानडी, गुजराती, तेलुगू किंवा हिंदी भाषिकाला तेथे जी वागणूक मिळते, तिच्यावरूनच बेळगावच्या वा हैदराबादच्या मराठी माणसाच्या मागणीचे नैतिक वजन ठरते. जे भाषेचे, तेच धर्माचे व जातीचे. बहुसंख्य असताना अल्पसंख्याची आठवण ठेवणे, ही बंधुतेची पहिली इयत्ता आहे.

दिल्लीच्या सभेतील त्या ६८ मतांमागे हीच आठवण होती. आपल्या देवाचे नाव दुसऱ्याच्या तोंडी बळेने घालावयाचे नाही, आणि कोणाच्या ओठांवरून ते पुसावयाचेही नाही, असा तो निश्चय होता. अशा निश्चयाला धैर्य लागते, आणि ते धैर्य माणसाच्या अंगच्या चांगुलपणावरील विश्वासातून येते. भारताच्या लोकांनी घटना स्वत:च्या नावाने लिहिली, याचा अर्थच असा की त्यांनी ती पाळण्याची जबाबदारीही स्वत:वर घेतली. पाळली न गेल्यास दोष देण्यासाठी दुसरे कोणाचे नाव त्या लेखात नाही.

म्हणून १५ ऑगस्टला ध्वज चढला, राष्ट्रगीत झाले, की त्यापुढचे काम फार साधे आहे. कोणी मंदिरात जाईल, कोणी मशिदीत, कोणी चर्चमध्ये, कोणी विहारात, कोणी कोठेच जाणार नाही. त्या प्रत्येकाने परतताना शेजारच्या दारापाशी क्षणभर थांबून त्या घरच्या माणसाला शुभेच्छा द्याव्यात. मध्यरात्री केलेल्या प्रतिज्ञेची आणि बेलियाघाट्याच्या उपवासाची परतफेड अशाच लहान कृत्यांनी होत असते. आणि ज्या राष्ट्रात ती रोज होत राहते, त्या राष्ट्राची श्रद्धा जिवंत आहे, असे नि:शंकपणे म्हणता येते.